तान्ह्या बाळाची त्वचा जपा

नवजात बाळाच्या वजनात सुमारे ७५ टक्के पाणी असते. वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे अंगातले पाणी लवकर उडून जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा तर फारच पातळ असते. म्हणून जन्मतः अंगावर असलेला पांढरा चिकट थर पुसून काढू नये. पहिली आंघोळ २४ तासांनंतर घालावी. डाळीचे पीठ चोळणे व शेगडीचा शेक टाळावा. शेतावर झोळी उन्हात बांधू नये. सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे. पुरेसे पाणी त्यातच असते. लघवी कमी झाली, तोंड सुकले, टाळू खोल गेली किंवा बाळ दूध ओढीनासे झाले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.