ऑपरेशनच्या आधी रक्त तपासा, बाटलीची धावपळ टाळा



गळीत हंगाम संपला, की घरोघरची थोपवून धरलेली ऑपरेशने निघतात. कुणाची मूळव्याध, कुणाचे गुडघे, कुणाची गर्भपिशवी. मग गट ऑफिसात निरोप येतो, “साहेब, बी पॉझिटिव्हचा कोणी माणूस आहे का? उद्या सकाळी दोन बाटल्या लागणार.” आमचे चिटबॉय अशा वेळी जाऊन रक्त देतात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु यातल्या बऱ्याच बाटल्या महिना-दोन महिने आधी हालचाल केली तर लागतच नाहीत. म्हणून ऊस विकास विभागाने आपला बांध ओलांडून हा विषय घेतला आहे.

बांध तसा फार ओलांडलेला नाही. चुनखडीच्या रानात उसाचा पाला पिवळा-पांढरा पडतो, त्याला आपण केवडा म्हणतो. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. मग आपण फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस फवारतो. माणसाच्या अंगात रक्त कमी पडते तेही बहुतेक वेळा लोहाअभावीच, आणि दवाखान्यातल्या लाल गोळीतही पुष्कळदा हेच फेरस सल्फेट असते. (म्हणून फवारणीच्या पिशवीतले कुणी तोंडात घालू नये. ते खाण्याचे नव्हे.)

हिमोग्लोबिन पुरुषात १३ आणि बाईत १२ ग्रॅमच्या खाली गेले, की रक्त कमी आहे असे समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया यात बसल्या. आता हिशेब करा. १३ ग्रॅमवाल्याचे ऑपरेशनमध्ये तीन ग्रॅम उतरले तरी दहा शिल्लक राहतात. नऊवाल्याचे तेवढेच उतरले तर सहा राहतात, आणि बाटली लावावीच लागते. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच.

तेव्हा तारीख ठरली, की त्याच दिवशी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. कमी निघाले तर का कमी, हे डॉक्टरांना विचारावे. पाळीचा जादा स्राव, मूळव्याध, ओल्या रानात अनवाणी चालून होणारे आकडेकृमी, उतारवयात आतड्यातली गाठ, अशी कारणे निघतात. सिकलसेल, थॅलेसेमिया असेल तर लोहाची गोळी हा उपाय नव्हे. माती परीक्षणाशिवाय खताचा डोस ठरवत नाही, तसेच हे. लोहच कमी असेल तर गोळीने महिन्यात साधारण एक-दोन ग्रॅम वाढते. शौच काळी होते, घाबरू नये. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी, चहाबरोबर कधीही नाही. चहा म्हणजे पोटातला चुना समजा! दिवस थोडे असतील किंवा गोळी सोसत नसेल, तर शिरेतून लोह देता येते.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती दाखवावी. आपल्या मनाने बंद करू नये. स्टेंट बसवलेल्या माणसाला ते जिवावर बेतते.

ऑपरेशनच्या टेबलावरही रक्त वाचवता येते. जपानमध्ये ओकामोतो पती-पत्नींनी १९६२ साली ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जगापुढे आणले. ते झालेली गुठळी टिकवून धरते, म्हणून स्राव कमी होतो. औषध स्वस्त आहे, पण सर्वांना चालत नाही, म्हणून ते द्यायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतात. मोठ्या इस्पितळात सांडलेले रक्त यंत्राने धुऊन त्याच रोग्याला परत देतात.

आता नातेवाइकांबद्दल. “अशक्तपणा आहे, एक बाटली लावा की,” हा आग्रह आपलेच लोक धरतात. अतिदक्षता विभागातल्या ८३८ रोग्यांवर कॅनडात झालेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन सातच्या खाली जाईपर्यंत थांबून रक्त दिलेले रोगी, दहाच्या खाली जाताच दिलेल्यांपेक्षा वाईट राहिले नाहीत. हृदयविकार असेल तर मर्यादा थोडी वर धरतात. एका बाटलीने साधारण एक ग्रॅम वाढते. पण रिॲक्शन येणे, फुप्फुसात पाणी होणे हे धोकेही असतात. रक्तस्राव थांबत नसेल, अपघात असेल, तेव्हा मात्र रक्ताला पर्याय नाही. तिथे वाद घालू नये.

एक गोष्ट आमच्या धंद्याला लागून आहे. राज्य शासनाने २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोडणी महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. जादा स्राव औषधाने थांबत असेल तर ऑपरेशनही नको आणि बाटलीही नको. असा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, आणि मुकादमांनीही यात घाई लावू नये.

रक्त देणाऱ्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम आणि वजन ४५ किलो लागते. ऐनवेळी जमवलेल्यांतले काहीजण रक्तपेढीतून परत येतात ते याचमुळे. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. गोळ्याही तिथेच मिळतात.