गावची शीव आणि पोलिसांची हद्द

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मामांची नदीवरची पाण्याची मोटार एका रात्रीत चोरीला गेली. मामांचे गाव कृष्णाकाठी. चोरांनी केबल कापली, मोटार सोडवली आणि वाळूतून ओढत नेली. ओढल्याच्या खुणा थेट पाण्यापर्यंत गेलेल्या, आणि पलीकडच्या काठावर त्याच खुणा पुन्हा वर चढलेल्या. मामा तक्रार द्यायला ठाण्यावर गेले. तिथल्या माणसाने सगळे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "मामा, माल पलीकडं गेलाय. पलीकडचं ठाणं येगळं. तिकडं जावा." पलीकडच्या ठाण्यावर सांगितले, "चोरी अलीकडं झाली न्हवं? मग तिकडंच नोंदवा." दोन दिवस मामा पुलावरून ये-जा करीत राहिले. उसाला पाणी द्यायची पाळी होती, ती काही कुणासाठी थांबली नाही.

तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "तू कॉलेजात इतिहास शिकवतोस ना? मग सांग, ही हद्द आली कुठनं?"

श्रोतेहो, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. आपल्या सातारा-सांगली भागातल्या पोलीसव्यवस्थेचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो असे मला वाटते. चोराचा माग शिवेपाशी पोहोचला, की पुढची जबाबदारी कोणाची?

१८१८ साली पेशवाई बुडाली. जिंकलेल्या मुलखाची माहिती एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात लिहून ठेवली आहे. त्यात गावच्या राखणीचे वर्णन आहे. गावाच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली राखणदार, कुठे महार, कुठे रामोशी. शिवारात कोण नवखा आला, कोणाच्या घरी कोण उतरला, याची खबर त्याने ठेवायची. चोरी झाली की पायांच्या ठशांवरून माग काढायचा. आता गंमत बघा. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तो तिथल्या राखणदाराच्या हवाली केला, की पहिल्याची जबाबदारी संपली. दुसऱ्याने तो पुढे न्यायचा. ज्या गावात माग हरवला, त्या गावाने चोरीची भरपाई करायची. आधी राखणदाराने, आणि राहिलेली गावाने. ही भरपाई दरवेळी पुरती वसूल होई असे नाही. पण नियम असा होता, की शीव आली म्हणून कोणी हात झटकू शकत नसे. उलट माग पुढे नेला नाही तर भुर्दंड आपल्यालाच, हे प्रत्येक गाव जाणून होते.

हे ऐकून कोणी म्हणेल, वा, जुने ते सोने! तसे मी म्हणणार नाही. ही राखण वंशपरंपरेची होती, आणि तिचे ओझे ज्यांच्या डोक्यावर होते त्यांना गावात मान नव्हता. महाराने रात्रंदिवस राबायचे, सरकारी टपाल पोचवायचे, चोर शोधायचा आणि मोबदल्यात तुटपुंजे बलुते घ्यायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले, ते याच कारणासाठी. ती कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले.

रामोश्यांचे काय झाले, तेही सांगतो. कंपनी सरकार आल्यावर किल्ल्यांची नि गावांची राखण करणाऱ्या पुष्कळांचे हक्क गेले. राखणदारच बंडात उतरले. पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे उमाजी नाईक त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली. ज्याच्या हाती काल किल्ली होती त्याच्या हातून ती काढून घेतली, तर तो दाराबाहेर गप्प बसत नाही; पण हे कंपनीला उमगायला वेळ लागला.

साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले. त्याच सुमारास इंग्रजांच्या पोलीसव्यवस्थेत मोठा बदल होत होता. चार्ल्स नेपियरने १८४३ साली सिंध जिंकल्यावर तिथे आयर्लंडच्या धर्तीवर वेगळे पोलीसदल उभारले होते. लष्कराहून वेगळे, महसूलखात्याहून वेगळे, आणि स्वतःचे अधिकारी असलेले. १८५३ पासून मुंबई इलाख्यात तोच नमुना आणला गेला आणि जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस सुपरिंटेंडेंट आले. १८६१ चा प्रसिद्ध पोलीस कायदा उत्तरेत चालला. मुंबई इलाख्याने मात्र आपले कायदे वेगळे केले. १८६७ साली दोन कायदे एकापाठोपाठ एक झाले. सातव्या क्रमांकाचा जिल्हा पोलिसांचा, आणि आठव्या क्रमांकाचा गावपोलिसांचा. पहिल्याने गणवेशातला शिपाई आला. दुसऱ्याने जुन्या पाटलाला सरकारी साखळीत अडकवले, आणि तो 'पोलीस पाटील' झाला.

म्हणजे गावाला उत्तर देणारा माणूस आता साहेबाला उत्तर देऊ लागला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पुढे अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखाली १९०२-०३ साली पोलीस आयोग बसला. त्याने सरकारचाच आयोग असूनही लिहिले, की पोलीसदल अकार्यक्षम आहे, लाचखाऊ आहे आणि लोक त्याला भितात.

आता आपल्या भागाचे खास वैशिष्ट्य सांगतो. शिक्षकमित्रांनी वर्गात जुना नकाशा जरूर लावावा. १९४८ पूर्वीचा सातारा जिल्हा म्हणजे ठिगळांची गोधडी होती. मधूनमधून औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने. एक गाव ब्रिटिश मुलखात, लगतचे संस्थानात. ब्रिटिश पोलीस चोरामागे धावत शिवेपाशी आला, की पलीकडे दुसऱ्या राजाचे राज्य. पलीकडे जायचे तर परवानगी, लिखापढी, वाट बघणे. एल्फिन्स्टनने पाहिलेला, गावातून गावात हवाली होणारा माग इथे कागदात अडकला.

या ठिगळांचा मोठा उपयोग झाला तो १९४२ च्या चळवळीत. त्या वर्षी ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, तो शांततेत पार पडला. पण ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला पोलिसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. वडूजच्या हुतात्म्यांत परशुराम घार्गे होते. मोर्चाचा मार्ग बंद झाला, कार्यकर्ते भूमिगत झाले, आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे एक मोठे केंद्र कुंडल. हे कुंडल औंध संस्थानात होते, आणि औंधच्या राजेसाहेबांनी १९३९ सालीच प्रजेला स्वराज्याची घटना दिलेली होती. ब्रिटिश पोलिसांना तिथे मोकळे रान नव्हते. जी शीव चोराला पळायला सोयीची, तीच देशभक्ताला लपायला सोयीची!

प्रतिसरकारने केवळ खजिने लुटले आणि रेल्वे अडवल्या, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. पण त्यांच्यापुढे रोजचा प्रश्न निराळाच होता. सरकारी पोलीस भूमिगतांच्या मागे लागले, तेव्हा डोंगरातले दरोडेखोर मोकाट सुटले. काही तर चळवळीचे नाव सांगून लोकांना लुटू लागले. मग प्रतिसरकारला स्वतःच राखण करावी लागली. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या साथीदारांनी दरोडेखोरांच्या टोळ्या मोडल्या. तुफान सेनेने शिस्तीचे तरुण तयार केले. गावोगावी न्यायमंडळे बसली. जमिनीचे, सावकारीचे, नांदवण्याचे तंटे तिथे तुटू लागले. कोर्टाची पायरी न चढता, आणि पैसा न मोजता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिक्षा कडक होत्या. तळपायावर मार बसे, आणि त्या निवाड्यावर दाद मागायला वरचे कोर्ट नव्हते. 'पत्रीसरकार' हे नाव का पडले यावर मते निरनिराळी आहेत, पण त्या शब्दात लोकांचा धाक आणि कौतुक दोन्ही होते, हे आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मी लहानपणी ऐकलेले आहे. माझे मत असे, की धाकाने चाललेला बंदोबस्त तीन वर्षे शोभतो, तीस वर्षे नाही. ते नेत्यांनाही कळत असावे. स्वराज्य दृष्टिपथात आले, तसे १९४६ मध्ये ते काम आवरते घेतले गेले.

१९४८ साली संस्थाने विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला २१ नोव्हेंबर १९६० पासून सांगली जिल्हा म्हणतात. ठिगळे गेली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने शहर आणि जिल्हे एका कायद्याखाली आले. तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून चालतो. पाटीलकीचे वंशपरंपरेचे हक्क १९६२ च्या कायद्याने गेले, आणि १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील हा नेमणुकीचा माणूस झाला. त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात. आज कित्येक गावांत पोलीस पाटील बाई आहेत. २०२४ साली त्यांचे मानधन महिना ६,५०० वरून १५,००० रुपये झाले.

वरची साखळी थोडक्यात अशी. गावात पोलीस पाटील, त्यानंतर बीट अंमलदार, दूरक्षेत्र असेल तर ते, मग पोलीस ठाणे. त्यावर उपविभागीय अधिकारी, आणि जिल्ह्याला पोलीस अधीक्षक. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर परिक्षेत्रात येतात. तिथे विशेष पोलीस महानिरीक्षक. सर्वांत वर मुंबईला पोलीस महासंचालक. नवे शिपाई तयार करणारे एक प्रशिक्षण केंद्र आपल्या तासगाव तालुक्यातच, तुरचीला आहे.

पुष्कळांना वाटते, की यावर दिल्लीत आणखी एक साहेब असेल. तसे नाही. घटनेच्या सातव्या परिशिष्टात पोलीस हा विषय राज्यांच्या यादीत घातला आहे. गंमत अशी, की ज्या आयर्लंडचा नमुना नेपियरने उचलला, तिथे आज एकच राष्ट्रीय पोलीसदल आहे; पण तो देश महाराष्ट्राच्या चौथाईहूनही लहान. भारतासारख्या देशात जतच्या शिपायाला हुकूम दिल्लीहून सुटावा, हे घटनाकारांना नको होते. केंद्राची दले आहेत, ती विशिष्ट कामासाठी. केंद्रीय राखीव दल १९३९ साली नीमचला स्थापन झाले, ते राज्याने मागितले की बंदोबस्ताला येते. सीबीआयला राज्याची संमती लागते. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर झालेल्या एनआयएला ती लागत नाही, पण तिचे गुन्हे ठरलेले आहेत. जिल्ह्याचे अधीक्षक बहुधा आयपीएसचे असतात. त्यांची निवड केंद्राची, पण रोजचा कारभार राज्याच्या हाताखाली.

म्हणजे हद्दी राहणारच. जत, कवठेमहांकाळ, मिरज या तालुक्यांच्या पलीकडे तर कर्नाटकच लागते. आरोपीचा पाठलाग देशात कुठेही करायची मुभा कायद्याने पोलिसांना आहे. अडचण असते ती पहिल्या कागदाची. तो लिहून कोणी घ्यायचा?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या १७३ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, की दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यावर देता येते, गुन्हा कोणाच्याही हद्दीत घडलेला असो. ठाण्याने ती शून्य क्रमांकाने नोंदवायची आणि ज्याची हद्द त्याच्याकडे पाठवायची. तिची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची. नोंदवून घेतली नाही, तर खबर लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथेही काम झाले नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. शून्य क्रमांकाची पद्धत त्याआधीही काही वर्षे होती, पण ती परिपत्रकांत होती; खेड्यातल्या माणसाला कोण सांगणार?

मामांना मी हे कलम वाचून दाखवले. त्यांनी दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले, "म्हंजे माग पुढच्या गावाच्या हवाली करायचा, तेच की हे. फकस्त आता पायानं न्हाई, कागदानं." त्यांची मोटार काही मिळाली नाही. पण त्यांनी ते कलम माझ्याकडून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतले, आणि नवी मोटार बसवली त्या दिवशी पंपाच्या खोलीत पेटीशेजारी चिकटवून टाकले.