कागद अडवला, श्वास अडला

महाळुंगे-चाकण पट्ट्यातला कंत्राटी कामगार रुग्णालयातून घरी येतो आणि महिन्याभरात पुन्हा ताप, धाप. तातडी विभागात डॉक्टर विचारतात, आधी कोणती इंजेक्शने दिली? डिस्चार्ज कार्ड तर बिलापायी अडवलेले! गेल्या 90 दिवसांत दाखल राहून शिरेतून अँटिबायोटिक घेतलेल्याच्या न्यूमोनियात नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतू असू शकतात. 2005च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने अशांना सरसकट जबर औषधे सुचवली. 2019 मध्ये तो सरसकटपणा सोडला. आता धोका पाहून औषध सुरू करायचे, थुंकी-रक्ताचे कल्चर पाठवायचे, तसे जंतू न सापडता रुग्ण सुधारत असेल तर 48 तासांत औषध उतरवायचे. कागदाविना हा सारा अंदाजपंचे कारभार. कागद नाही म्हणून तातडीचा उपचार मात्र थांबत नाही. जीव वाचवणे आधी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा प्रकरणात बजावले आहे. आणि 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावेच लागतात. आम्ही कामगारांना एवढेच सांगतो, अर्ज लेखी द्या, पोच घ्या.