नागपूर ते गया : अंतर किती, वेळ किती?

हिवाळा जवळ आला की वस्तीवस्तीतून बोधगयेला जाण्याचे बेत सुरू होतात. त्यासोबत एक प्रश्न हमखास येतो, "विमानाने गेलो तर किती वेळ लागेल?" मोबाईलवर शोधले की उत्तर मिळते : सुमारे ७३० किलोमीटर, सव्वा तास. हा आकडा खोटा नाही. पण त्यावर विसंबून रजा टाकली तर फसगत होते, म्हणून आम्ही जरा सविस्तर लिहीत आहोत.

७३० किलोमीटर हे नागपूर आणि गया विमानतळांमधले हवाई अंतर आहे. पृथ्वी गोल असल्याने तिच्या पृष्ठभागावरून मोजलेला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे हे अंतर. वैमानिक ते नॉटिकल मैलांत मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे हे झाले साधारण ३९४. रेल्वेने इटारसी, जबलपूर, प्रयागराजमार्गे हेच अंतर बाराशे किलोमीटरच्या वर जाते.

आता वेळ. मोठे जेट विमान उंचीवर तासाला आठशे किलोमीटरच्या पुढे जाते, एटीआरसारखे पंख्याचे विमान साधारण पाचशेने. वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. त्यामुळे जेटला सव्वा तास, तर एटीआरला पावणेदोन तासांच्या आसपास धरावे. शिवाय तिकिटावरची वेळ ही हवेतली नसते. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा तो हिशेब असतो.

खरी गोम पुढेच आहे. सव्वा तास हा थेट विमानाचा हिशेब. प्रत्यक्षात सहसा दिल्ली किंवा कोलकात्याला विमान बदलूनच गयेला जावे लागते. कोलकातामार्गे एकूण हवाई अंतर सुमारे १,४०० किलोमीटर होते, दिल्लीमार्गे १,७०० च्या वर. म्हणजे सरळ अंतराच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. त्यात मधल्या विमानतळावरचा थांबा धरा, घरून दोन तास आधी निघणे धरा. अख्खा दिवस गेलाच म्हणून समजा. दीक्षाभूमी आणि महाबोधी महाविहार या दोन्ही ठिकाणांपासून विमानतळ दहा किलोमीटरच्या आत आहेत, हे वाचून तर हळहळच वाटते.

२७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेची पहिली विमाने सुटली, त्यात नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. लहान शहरे थेट जोडायची, हाच योजनेचा हेतू. त्याच न्यायाने नागपूर–गया मार्गाची मागणी लोकप्रतिनिधींकडे लावून धरायला काय हरकत आहे?

तूर्त तिकीट काढताना दोन गोष्टी पाहाव्यात. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. स्वस्त पडते म्हणून वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोचले, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात. दुसरी गोष्ट धुक्याची. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके असते आणि नेमकी तीच यात्रेची गर्दी. त्यामुळे पहाटेचे विमान टाळून दुपारचे घ्यावे, आणि परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा हजेरी ठेवू नये.

रोजंदारीवरच्या माणसांना घेऊन निघणार असाल तर रेल्वेचाच विचार आधी करा. कोल्हापूरहून धनबादला जाणारी साप्ताहिक दीक्षाभूमी एक्सप्रेस नागपूर आणि गया दोन्ही गाठते. वेळ जवळपास एक दिवस, पण गाडी बदलण्याची कटकट नाही.