एकपर्णी वनस्पती

एका हंगामात जमिनीवर बहुधा एकच पान धारण करणाऱ्या वनस्पती. हे लक्षण एखाद्या विशिष्ट कुलाचे नसून, परस्परांशी निकटचे नाते नसलेल्या अनेक कुलांत ते स्वतंत्रपणे उद्भवले आहे.

वऱ्हाडात (अमरावती व अकोला जिल्हे) पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उरलेले कोरडे महिने या वनस्पतींचा भूमिगत भाग सुप्तावस्थेत काढतो. अल्पकाळासाठी अनेक फांद्या व पाने वाढविण्यापेक्षा सर्व अन्नसाठा एकाच पानात गुंतविणे त्यांना सोयीचे ठरते.

सर्वांत परिचित उदाहरण सुरणाचे (ॲमॉर्फोफॅलस, कुल–ॲरेसी) होय. त्याचे खोड व फांद्या म्हणून जे दिसते, ते वस्तुतः जाड, ठिपकेदार देठ व पुनःपुन्हा विभागलेले एकच पाते असते (क्वचित दोन पाने येतात). पान उगवताना जुना कंद झिजतो व पानाने तयार केलेल्या अन्नावर नवा कंद पोसतो. सुमात्रातील टायटॅनम या जातीचे पान सु. ६ मी.पर्यंत उंच होते.

सातपुडा व सह्याद्री येथील पानझडी वनांत नर्व्हिलिया (कुल–ऑर्किडेसी) ही भूस्थित आमरे आढळतात. पावसाळ्यारंभी प्रथम फुलोरा येतो; तो सुकल्यावर जमिनीलगत एक गोलसर वा हृदयाकृती पान उगवते. यांपैकी एका जातीस केरळात ‘ओरिलतामर’ (एका पानाचे कमळ) म्हणतात व ती औषधात वापरतात. माळरानावरील ऑफिओग्लॉसम या नेच्यालाही बहुधा एकच पान असते. त्याच्या रेटिक्युलेटम या जातीत सु. १,४४० गुणसूत्रे आढळली असून ही संख्या ज्ञात सजीवांतील सर्वोच्च संख्यांपैकी आहे.

ही राहणी काटकसरीची, तशीच धोक्याचीही आहे. एकुलते पान गुरांनी खाल्ले किंवा तुडविले, तर त्या वर्षाचे पोषण जवळजवळ संपते व पुढील कंद लहान राहतो. असे वारंवार घडल्यास वनस्पती नष्ट होते. पान हिरवे असताना कंद खणल्यास तो अपुरा पोसलेला मिळतो. म्हणूनच लागवडीतील सुरण पान पिवळे पडून कोलमडल्यावर काढतात. वन्य कंदांबाबतही हाच नियम पाळून लहान कंद जमिनीत राहू देणे इष्ट होय. कंदातील कॅल्शियम ऑक्झॅलेटाच्या सूच्याकार स्फटिकांमुळे घशास खाज सुटते. त्यामुळे तो चिंचेसारख्या आंबट पदार्थाबरोबर नीट शिजवून खातात.

मेळघाट (अमरावती) व नरनाळा (अकोला) येथील संरक्षित वनांत चराई व वणवे यांवर नियंत्रण राहिल्यास अशा वनस्पतींना आपला पावसाळी हंगाम पुरा करता येतो.