घोडीची पाठ कोण बघतं?

लग्नाची तारीख निघाली की हॉल, आचारी, बँड आणि घोडी यांचं बुकिंग एका दमात उरकतं. घोडी पांढरीशुभ्र हवी, झूल जरीची हवी, एवढंच आपण बघतो. झुलीखाली काय आहे, ते कुणी विचारत नाही.

असोद्यासारख्या शेतीच्या गावातल्या बाईला जनावराचं दुखणं काही नवीन नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढलेले बैलांचे खांदे हळद-तूप लावून चोळले जातात. नवरदेवाला वाहणाऱ्या घोडीच्या पाठीसाठी मात्र असा दिवस नाही.

खोगिराचं गणित सोपं आहे. वजन पाठीच्या कण्यावर नको, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर हवं. मान संपते तिथल्या उंचवट्यावर, माणूस बसल्यावरही दोन-तीन बोटांची पोकळी राहायला हवी. मागची कड शेवटच्या बरगडीच्या पुढे कमरेवर जाता कामा नये, कारण तिथे बरगड्यांचा आधार नसतो. आपण हौसेनं नवरदेवाच्या मागे भाच्याला बसवतो ना, तो नेमका तिथेच बसतो!

‘खोगीरभरती’ आपण फालतू भरण्याला म्हणतो. घोडीसाठी मात्र ही भरतीच महत्त्वाची. तिच्या गाठी झाल्या की एकाच जागी दाब येतो. खोगीर घट्ट होत असेल, तर खाली आणखी गोधडी घालून उपयोग नाही. चावणाऱ्या चपलेत जाड मोजा घातल्यासारखंच ते! शिवाय उन्हाळ्यात घोडी वाळली, तर दिवाळीत नीट बसलेलं खोगीर वैशाखात टोचू लागतं.

खोगिरानं वारंवार दुखावलेल्या जागी पुढे पांढरे केस उगवतात. काळ्या-तांबड्या घोड्यावर ते लगेच दिसतात, पांढऱ्या घोडीवर दिसतच नाहीत. म्हणून हातानं बघायचं. मालकाला लगाम धरायला सांगून खोगीर उतरवायचं आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं हळूहळू दाबत न्यायची. घोडीनं अंग चोरलं, कान मागे पाडले, शेपटी झटकली, तर पाठ दुखते आहे असं समजावं. सूज किंवा जखम असेल तर ती भरेपर्यंत खोगीर चढवू नये आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावं. अशा जखमी जनावराला कामाला लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

पण मालकाचंही घर याच मोजक्या मुहूर्तांवर चालतं. वरात दारात उभी असताना त्याच्याशी भांडून काय होणार? बुकिंग करतानाच पाठ बघा, भाड्यात फार घासाघीस करू नका. घोडी दुखावली तर दुसरी आणायची, हेही तेव्हाच ठरवा. नवरदेवाला चढायला स्टूल ठेवा, म्हणजे खोगीर एका बाजूला ओढलं जाणार नाही. आणि भाच्याला मामासोबत मिरवायचंच असेल, तर त्याला बँडपुढे नाचू द्या!