लेडनहॉल मार्केट : भाड्याने बाजार

कुठे, कोणाचा? लंडनच्या 'सिटी' भागात. बाजार चौदाव्या शतकापासूनचा. मालकी सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनची. आजची छताची इमारत १८८१ची, वास्तुकार होरेस जोन्स. (वयाने आपलं क्रॉफर्ड मार्केट बारा वर्षांनी थोरलं.)

भाड्याने काय? गाळा नव्हे, गाळ्यांमधली दगडी फरसबंदीची वाट.

• कार्यक्रम : निमंत्रितांसाठी, शक्यतो दुकानं मिटल्यावर.
• ब्रँड प्रमोशन : उलट, भर गर्दीत. स्टॉल, नमुनेवाटप. गिऱ्हाईक म्हणजे जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलेले ऑफिसवाले. लॉइड्स या विमाबाजाराची इमारत शेजारीच. शनिवार-रविवारी ही गर्दी ओसरते, म्हणून आधी वार बघायचा.
• चित्रीकरण : हॅरी पॉटरचा पहिला चित्रपट (२००१).

परवाना : मद्यविक्री किंवा करमणूक असेल आणि जागेला तसा परवाना नसेल, तर 'टेम्पररी इव्हेंट नोटीस'. फी २१ पौंड. नेहमीची नोटीस किमान १० कामकाजाचे दिवस आधी. मुदत जास्तीत जास्त १६८ तास. एका वेळी माणसं ४९९पर्यंतच, आणि त्यात वाढपी, साउंडवाला, दारावरचा रखवालदारही धरायचा. पाचशेवा आला की ही नोटीस पुरत नाही.

खिळा ठोकायचा नाही : १९७२पासून संरक्षित वास्तू. तिचं रूप बदलेल अशा कामाला वेगळी परवानगी लागते. बॅनर आपल्या पायांवर उभा राहील असाच आणायचा. दुकानांच्या दर्शनी भागावर मांस टांगायचे जुने लोखंडी आकडे मात्र अजून आहेत.